घंटा आणि चार स्वर

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या चिंचोटीच्या घरी एक जुनी रीत अजून पाळली जाते. कणकेचा एक दिवा करावयाचा, त्यात तेलवात घालावयाची आणि तो उंबऱ्याबाहेर, दक्षिणेकडे तोंड करून ठेवावयाचा. एरवी दिव्याचे तोंड दक्षिणेला वळलेले घरातल्या बायकांना खपत नाही. परंतु वर्षातून एक दिवस, आणि तोही दिवाळीच्या अगदी उंबरठ्यावर, यमराजाची आठवण मुद्दाम काढावयाची असे आपल्या पूर्वजांनी ठरवून टाकले आहे. घरात चकल्या तळल्या जात असतात, पोरे आकाशकंदिलाच्या दोरीवरून भांडत असतात, आणि बाहेर तो एकटा दिवा तुंगारेश्वराच्या डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्यात थरथरत असतो. मरणाला दारात दोन घटका मान द्यावा आणि मग सणाला लागावे, असा त्यातला शहाणपणा असावा. तेव्हा सणाच्या अंकात मी मरणाच्या एका गाण्याची कथा सांगावयास बसलो, तर वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. यमदीपाची रीत मी कागदावर पाळतो आहे, एवढेच समजावे.

२०२१ साली योग असा आला की धनत्रयोदशी २ नोव्हेंबरला पडली. २ नोव्हेंबर हा कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी वसईच्या पश्चिम पट्टीतल्या दफनभूमीत लोक आपापल्या माणसांच्या कबरी झाडूनपुसून घेतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. आमचे एक जुने स्नेही तिकडचे. चर्चमध्ये त्यांनी चाळीस वर्षे पेटी वाजविली. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांचा धाकटा भाऊ करोनाने गेला. त्या दिवसांत प्रेतयात्रेला वीस माणसांची मर्यादा होती, आणि त्या साथीत गेलेल्याच्या नशिबी तर तेवढीही येत नसत. भावाला निरोप देताना गाणे झाले नाही, पेटी वाजली नाही. घंटा तेवढी वाजली. मास्तरांच्या मनात ते रुतून बसले होते.

म्हणून त्या दिवशी दुपारी मी महामार्ग ओलांडून त्यांच्याकडे गेलो आणि त्यांच्याबरोबर भावाच्या कबरीपाशी उभा राहिलो. मास्तरांनी मेणबत्ती लावली, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणू लागले. फार सोपी, पायरीपायरीने खाली उतरणारी चाल. मी ती ओळखली, आणि ओळखल्याच्या आनंदात नको ते बोलून गेलो.

"मास्तर, ही तर भुताच्या सिनेमातली चाल!"

मास्तरांनी डोळे उघडले. रागावले नाहीत. "असेल, भाऊ," ते म्हणाले. "पण माझ्या आजीच्या मिस्सेत मी ही म्हटली आहे. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ती आमची रडण्याची चाल होती."

मी ओशाळलो. परंतु घरी येताना वाटभर एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आजीच्या मिस्सेतली ही चाल भुताच्या सिनेमात गेली कशी? पुढे वाचीत गेलो, ऐकत गेलो, तेव्हा ह्या चालीचा आठशे वर्षांचा प्रवास हाती आला. तोच येथे सांगतो.

त्या गाण्याचे नाव 'दिएस इरे'. लॅटिनमध्ये ह्याचा अर्थ 'कोपाचा दिवस', म्हणजे जगाच्या अखेरीचा, न्यायनिवाड्याचा दिवस. हे शब्द बायबलच्या जुन्या करारातल्या सफन्या नावाच्या संदेष्ट्याच्या ग्रंथातून आलेले आहेत. गाणे तेराव्या शतकातले. परंपरेने ते इटलीतल्या चेलानो गावच्या थॉमसच्या नावावर मोडते. हा थॉमस असिसीच्या संत फ्रान्सिसचा शिष्य आणि त्याचा पहिला चरित्रकार. फ्रान्सिस १२२६ साली वारला. दोन वर्षांनी पोपने थॉमसला त्याचे चरित्र लिहावयास सांगितले. ह्या गाण्याचे कर्तेपण त्याचेच की आणखी कोणाचे, ह्यावर पंडितांचा वाद आहे. मात्र फ्रान्सिस्कन साधूंनी हे गाणे सांभाळले आणि पसरविले, ह्याबद्दल वाद नाही. ज्या शतकात आपल्याकडे ज्ञानदेवांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच शतकाची ही निर्मिती.

हे साम्य शतकापुरतेच नाही. 'दिएस इरे'ची सतरा कडवी तीनतीन चरणांची आहेत, प्रत्येक चरणात आठ अक्षरे, आणि तिन्ही चरणांना एकच यमक. आता आपली ओवी आठवा. तिचेही पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, आणि चौथा आखूड, मोकळा. तीनदा एकाच ठिकाणी परतून येणारा आवाज कानात बसतो, पाठ होतो आणि अक्षर न ओळखणाऱ्यालाही सोबत करतो, हे इटलीतल्या साधूंना उमगले होते आणि गोदाकाठच्या संतांनाही. पुढे १६१६ साली गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका इंग्रज जेझुइटाने मराठीत रचला. त्याने त्यासाठी ओवीच का उचलली असेल, ह्याचे मला आता फारसे नवल वाटत नाही. तीन यमकांचा नाद त्याच्या कानाला परका नव्हता.

चालीचे म्हणाल तर ती ग्रेगोरियन पद्धतीची. म्हणजे एकच सूरओळ, सर्वांनी एका आवाजात म्हणावयाची. तिला ताल नाही आणि आपल्याला पाश्चात्त्य संगीतात ऐकू येतो तो अनेक स्वरांचा गोफही नाही. आपल्या ओवीगायनाच्या ती पुष्कळ जवळची. घरात पेटी असेल तर वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. पहिल्या चरणातल्या आठ अक्षरांना आठ स्वर आहेत, आणि त्यांत निरनिराळे स्वर अवघे चार. कोमल गंधारावरून निघावे, ऋषभाला शिवून पुन्हा गंधारावर यावे, मग षड्जावर उतरावे. पुन्हा ऋषभाचा आधार घेऊन खालच्या कोमल निषादापर्यंत जावे, आणि शेवटी षड्जावर दोनदा टेकावे. झाली चाल! माणूस काठी टेकीत जिना उतरतो आहे असे वाटते. ज्या स्वरपंक्तीत ही चाल बसते तिला पाश्चात्त्य 'डोरियन' म्हणतात. तिच्यात गंधार आणि निषाद कोमल, बाकीचे शुद्ध, म्हणजे आपला काफी थाट.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. काफी म्हटला की आपल्याला काय आठवते? होरी आठवते, गुलाल आठवतो, वसंत आठवतो. त्याच सात स्वरांत युरोपने आपल्या मृतांना निरोप दिला. तेव्हा मरण काही स्वरांत भरलेले नसते. स्वर कोण म्हणतो, कोणासाठी म्हणतो, आणि भोवती कोण उभे असते, ह्यांवर ते अवलंबून असते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता गाण्यात आहे काय? पहिल्या सहा कडव्यांत भय आहे. जग जळून राख होत आहे, रणशिंग वाजून थडग्यांतले लोक उठत आहेत, मृत्यू स्वतःच थक्क होऊन पाहत आहे, आणि ज्यात सर्वांची कृत्ये लिहिलेली आहेत तो ग्रंथ उघडला जात आहे. आपल्या चित्रगुप्ताच्या वहीची आठवण व्हावी असे ते वर्णन. परंतु सातव्या कडव्यापाशी गाणे वळते. तेथे प्रथमच 'मी' येतो. मी गरीब बिचारा काय बोलणार, माझी बाजू कोण घेणार, असा त्याचा भाव. येथून पुढची अकरा कडवी म्हणजे निव्वळ विनवणी आहे. मग्दालीनेला क्षमा केलीस, क्रुसावरच्या चोरालाही आशा दिलीस, तर मलाही दे, अशी गयावया आहे. सहा कडवी भीतीची आणि अकरा कडवी करुणेची, असा ह्या गाण्याचा हिशेब आहे.

आणि ह्याहून महत्त्वाची एक खुबी त्याच्या चालीत आहे. हिच्यात तीन चाली आहेत. प्रत्येक चालीवर लागोपाठ दोन कडवी म्हणावयाची. सहा कडवी झाली की पुन्हा पहिल्या चालीवर यावयाचे. म्हणजे सातवे कडवे, ज्यात तो 'मी' पहिल्याने तोंड उघडतो, ते पहिल्याच कडव्याच्या चालीत येते. ज्या चार स्वरांनी जग जाळले, त्याच चार स्वरांत माणूस हात जोडतो. स्वर बदलत नाहीत. म्हणणाऱ्याचे मन बदलते. ज्या कोणी हे रचले त्याला माणसाचे दुःख ठाऊक होते. घरात मरण आले की आधी भीतीच वाटते, आणि मग त्याच हुंदक्यात प्रार्थना सुरू होते.

सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मसभेनंतर कॅथलिक उपासनेची छाटणी झाली. अशा प्रकारची मध्ययुगीन गाणी पुष्कळ होती. १५७० च्या मिस्साग्रंथात त्यांतली अवघी चार उरली. 'दिएस इरे' त्या चारांतले एक. आता ते साऱ्या कॅथलिक जगाचे मृत्युगीत झाले. काळी वस्त्रे घातलेला धर्मगुरू, वेदीपुढे शवपेटी, आणि हे गाणे.

ह्याच शतकात ते आमच्या वसईस आले. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, आणि त्यांच्यापाठोपाठ आले ते चेलानोच्या थॉमसचेच पंथबंधू, फ्रान्सिस्कन. अंतोनियो दो पोर्तो हा त्यांच्यातला मोठा खटपटी पुरुष. ह्या इतिहासाला काळी बाजूही आहे. त्या अमलात देवळे पडली, आणि बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्याचे चर्च झाले. तो भाग लपविण्याचे कारण नाही. परंतु त्याच पंथात वसईच्या मातीतला गोन्सालो गार्सिया गेला, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर प्राणास मुकला आणि १८६२ साली संतपदाला पोहोचला. आजही वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या चर्चचे अवशेष उभे आहेत. छप्पर नाही, कमानींवर झाडे उगवली आहेत, आणि खाली जमिनीत कबरींच्या शिळा, त्यांवर पोर्तुगीज अक्षरे आणि कुलचिन्हे. १८७६ साली डॉ. जे. जर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईवर पुस्तक लिहिले, त्यात ह्या शिळांची दखल घेतली आहे. त्या शिळांखालच्या माणसांच्या डोक्याशी कधीकाळी हेच चार स्वर म्हटले गेले. तेथे उभे राहिले की आता फक्त पाखरांचा आवाज येतो.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. फार रक्त सांडून मिळालेला हा विजय. परंतु जिंकल्यावर अप्पांनी शत्रूला मानाने बाहेर जाऊ दिले. पोर्तुगीज गेले, तरी येथले ख्रिस्ती राहिले आणि त्यांची उपासनाही राहिली. किल्ल्यातली आणि आसपासची चर्चे मात्र ओस पडली, आणि त्यांतल्या मोठमोठ्या घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशकात गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली घंटा त्यांतली. भीमाशंकराच्या देवळापुढची घंटा त्यांतली. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर जी घंटा आहे, ती त्यांतलीच म्हणून ओळखली जाते. तिच्यावर १७०७ साल कोरलेले आहे. एकेकाळी ह्या घंटा कोणाच्या मरणाची वार्ता संथपणे सांगत असतील. आज त्या देवापुढे वाजतात. धातू तोच, नाद तोच; ऐकणारा बदलला, अर्थ बदलला. घंटेचा हा अर्थपालट झाला तो भाविकांकडून भाविकांकडे जाताना. म्हणून तीत पावित्र्य कायम राहिले. त्या चार स्वरांच्या वाट्याला मात्र असे भाग्य आले नाही. ते देवळातून निघाले आणि थेट नाट्यगृहात पोहोचले.

ह्या स्थलांतराची तारीख सांगता येते. ५ डिसेंबर १८३०. त्या दिवशी पॅरिसमध्ये एक्टर बर्लिओझ नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणाची 'सिंफनी फॅन्टास्टिक' प्रथम वाजली. कथा अशी की प्रेमाने पिसाटलेला एक कलावंत अफू घेतो आणि त्या धुंदीत त्याला स्वप्न पडते: आपण प्रेयसीचा खून केला, आपल्याला देहान्त शिक्षा झाली, आणि आपल्याच अंत्यविधीला चेटकिणी आणि भुते जमली आहेत. ह्या पाचव्या भागात आधी घंटा वाजतात. खोल नादाच्या घंटा मिळाल्या नाहीत तर पियानोवर त्यांचा आवाज काढावा, अशी सूचनाही बर्लिओझने करून ठेवली आहे. मग जाड, घोगऱ्या आवाजाची पितळी वाद्ये 'दिएस इरे' वाजवू लागतात. प्रथम संथ, मग दुप्पट वेगात, आणि मग तीच चाल टवाळीने उड्या मारू लागते.

श्रोत्यांच्या अंगावर काटा आला असला पाहिजे. त्याचे कारण वाद्यांत नव्हते. त्या सभागृहातल्या बहुतेकांनी ही चाल आईच्या, बापाच्या, मुलाच्या अंत्यविधीत ऐकलेली होती. त्या आठवणीवर बर्लिओझने बाण मारला. आपल्याकडे प्रेतयात्रेतले भजन कोणी तमाशात घुंगरांवर नाचविले तर कसे वाटेल, तसे ते होते. धक्का मोठा, आणि कलेच्या दृष्टीने कामगिरीही मोठी. परंतु त्या दिवशी एक गोष्ट घडून गेली. पहिले कडवे सातव्यापासून तुटले. भीती पुढे गेली, विनवणी मागे राहिली.

एकदा वाट पडली की मागून सारेच जातात. पिसाच्या जुन्या दफनस्थळातले 'मृत्यूचा विजय' हे भित्तिचित्र फ्रान्झ लिस्टच्या मनात घर करून राहिले होते. त्याने पियानो आणि वाद्यवृंदासाठी ह्याच चालीवर 'टोटेनटान्झ', म्हणजे 'मृत्युनृत्य' रचले. ते १८६५ साली प्रथम वाजले. १८७४ साली सेंसाँसने आपल्या 'दान्स माकाब्र'मध्ये मध्यरात्री हाडांच्या सापळ्यांना नाचविले; हाडांची खडखड झायलोफोनवर काढली आणि 'दिएस इरे'ला चक्क वॉल्ट्झच्या ठेक्यात बसविले. काही थोरांनी मात्र चाल सोडून शब्द धरले. मोझार्टने १७९१ साली मरणाच्या छायेत लिहावयास घेतलेले आणि अपुरे राहिलेले 'रेक्विएम', आणि व्हेर्दीचे १८७४ चे 'रेक्विएम', ही त्यांतली शिखरे. व्हेर्दीने ते कादंबरीकार मांझोनीच्या पहिल्या पुण्यतिथीला मिलानच्या चर्चमध्ये सादर केले. त्याच्या ढोलाचे घणाघात ऐकून भल्याभल्यांचा थरकाप होतो. पण ह्या दोघांनी सारे गाणे घेतले, विनवणीसकट घेतले; आणि म्हणूनच त्यांच्या रचना ऐकताना शेवटी डोळे ओले होतात.

ह्या चर्चसंगीताचा दुसरा एक ओघ आपल्या अगदी जवळून वाहत होता, तोही सांगितला पाहिजे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवीत, ते मुख्यतः मिस्सेत, सणावारी आणि अंत्यविधीत साथ करता यावी म्हणून. तेथे तयार झालेले वादक पोटासाठी मुंबईस आले आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतले. प्यारेलालांनी त्यांच्यापाशी व्हायोलिनचे धडे घेतले. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा वाद्यमेळ लिहिणारे सबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच. आपण ज्या गाण्यांवर तरुणपणी जीव टाकला, त्यांतल्या व्हायोलिनच्या लाटा लिहिणारा हात अशा तालमीतून तयार झाला होता. चर्चच्या दारातून बाहेर पडलेले संगीत नेहमी भूतच होऊन येते असे नाही. ते कधी प्रेमगीतही होऊन येते.

विसाव्या शतकात चित्रपट आला आणि त्याने ह्या चालीला कायमची नोकरी दिली. १९२७ च्या जर्मन 'मेट्रोपोलिस'च्या संगीतात ती आहे. १९८० च्या 'शायनिंग'च्या आरंभी, डोंगरातल्या निर्मनुष्य रस्त्याने एक मोटार जात असते, आणि यंत्राच्या घोगऱ्या आवाजात तेच चार स्वर उतरू लागतात. मी ऐकले होते ते हेच. गाणे माहीत नाही, भाषा माहीत नाही, तरी पाहणारा खुर्चीत अंग चोरून घेतो. पडद्यावर संकट येणार हे कळविण्याची ती एक खूण झाली आहे.

आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, ती खूण जगभर पसरत असतानाच मूळ घरी गाण्याचा मुक्काम हलला. १९६२ ते १९६५ ह्या काळात व्हॅटिकनची दुसरी महासभा भरली. उपासना लोकांच्या भाषेत असावी आणि मृत्यूच्या विधीत भीतीपेक्षा पुनरुत्थानाच्या आशेवर भर असावा, असे ठरले. १९६९ च्या नव्या अंत्यविधीत आणि १९७० च्या मिस्साग्रंथात 'दिएस इरे'ला जागा उरली नाही. धर्मगुरूंच्या नित्यप्रार्थनेच्या पुस्तकात, उपासना-वर्षाच्या अखेरच्या आठवड्यात म्हणावयाचे स्तोत्र म्हणून ते राहिले. वसईच्या चर्चमधून लॅटिन गेली, मराठी आली.

मी मास्तरांना विचारले, "तुम्हाला वाईट वाटले असेल?"

"नाही," ते म्हणाले. "आजीच्या मिस्सेत आम्ही पोरांनी ते लॅटिन घोकून म्हटले. आजीच्या बहिणी मागे बसल्या होत्या. त्यांना त्यातले अक्षर कळले नाही. आई गेली तेव्हा मी मराठीत गायलो, आणि साऱ्या बायका माझ्याबरोबर गायल्या. ह्यात कमी काय झाले? माणसाला आपल्या भाषेत रडता आले पाहिजे."

मग जरा वेळाने म्हणाले, "चाल मात्र कधीकधी आठवते. तिचा काही दोष नव्हता."

मला वाटते, ह्या साऱ्या इतिहासाचा निवाडा मास्तरांच्या ह्या दोन वाक्यांत आहे. सुधारणा योग्यच होती. ज्या भाषेत आई हाक मारते त्या भाषेत आईला निरोप द्यावा, हे तर आपल्या ज्ञानदेवांनीही सांगून ठेवल्यासारखेच आहे. परंतु चालीचा दोष नव्हता, हेही खरे. ती भयाची झाली, कारण तिच्याभोवतीची माणसे निघून गेली. जोवर कबरीपाशी चार माणसे खांद्याला खांदा लावून ती म्हणत होती, तोवर ती धीर देत होती. मेलेल्याला एकटे पाठवावयाचे नाही, एवढाच तर अशा गाण्याचा उपयोग. माणसे गेली आणि नुसते स्वर उरले. आणि एकटे पडलेले स्वर, एकट्या पडलेल्या माणसासारखेच, भेसूर वाटू लागतात. २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांत ज्यांनी आपली माणसे गाण्यावाचून, गर्दीवाचून, चार खांद्यांवाचून पाठविली, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. त्यांत आमच्या चिंचोटीची घरे आहेत आणि पश्चिमेकडचीही. भजन नाही, टाळ नाही, घंटा तेवढी. मरण त्या वर्षी अधिक भयाण वाटले, त्याला हेही एक कारण होते.

एका माणसाने मात्र ह्या चालीला तिची हरवलेली अकरा कडवी परत मिळवून दिली असे मला वाटते. तो रशियाचा सर्गेई राखमानिनोव. ही चाल आयुष्यभर त्याच्या मागे लागली होती. १९०९ च्या 'मृतांचे बेट' ह्या रचनेत ती आहे, पागानिनीच्या चालीवरच्या १९३४ च्या 'ऱ्हॅप्सडी'त ती आहे. क्रांतीनंतर देश सुटला, तो पुन्हा दिसला नाही. १९४० साली अमेरिकेत त्याने 'सिंफॉनिक डान्सेस' ही आपली अखेरची मोठी रचना केली. तिच्या शेवटच्या भागात 'दिएस इरे' पुन्हा येते, गरगरत, थैमान घालीत. परंतु ह्या वेळी तिच्यासमोर दुसरी एक चाल उभी राहते. राखमानिनोवने १९१५ साली आपल्या मायदेशीच्या चर्चसाठी जी रात्रभरची उपासना स्वरबद्ध केली होती, तिच्यातली पुनरुत्थानाची ही चाल. दोघींची झुंज होते, आणि पुनरुत्थानाची चाल जिंकते. तेथे हस्तलिखितात त्याने 'आलेलुया' असे लिहून ठेवले. तीन वर्षांनी तो वारला.

त्या धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी दफनभूमीतून निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. ओळीने मेणबत्त्या जळत होत्या, आणि मंडळी आपापल्या माणसांपाशी बसून हलक्या आवाजात बोलत होती. निघताना मी मास्तरांना म्हणालो, "ती चाल पुन्हा एकदा म्हणा. मघाशी मी तोडली." त्यांनी म्हटली. मी नीट ऐकली, आणि ज्या षड्जावर ती दोनदा टेकते तेथे माझाही आवाज हळूच मिसळला. शब्द मला येत नव्हते. त्यांची गरजही पडली नाही. दोन म्हाताऱ्यांच्या आवाजात भुताटकी कोठेच नव्हती.

मिठागरे ओलांडून चिंचोटीला पोहोचलो, तर घरच्यांनी दिवा लावून ठेवलेला होता. दक्षिणेकडे तोंड केलेला, एकटा. नातवंडे फटाक्यांच्या नादात होती. मी त्यांना हाक मारली, दिव्यापाशी बसविले आणि ह्या वर्षी गेलेल्या साऱ्यांची नावे एकेक करून घेतली. त्यांत मास्तरांच्या भावाचेही नाव घेतले. मग फराळाला बसलो.